आधी ब्लूगिल, मग बॅस

तळ्यावर पोहोचलात की पहिली पंधरा-वीस मिनिटं रॉड गाडीतच राहू द्या. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या. काठाने एक चक्कर मारा. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि दोन-तीन फुटांवरचा तळ दिसू लागतो. बगळा कुठे उभा आहे ते बघा, तो उगाच उभा राहत नाही. पाण्यातलं गवत कुठे संपतं, पडलेलं झाड कुठे आहे, पावसाच्या पाण्याचा पाइप कुठे येऊन मिळतो, हे डोक्यात टिपून ठेवा. मे-जूनचे दिवस असतील तर काठालगतच्या उथळ पाण्यात ताटाएवढे गोल, फिकट रंगाचे खळगे दिसतात का बघा. एकाला लागून एक असे कधी दहा, कधी पन्नास. ती ब्लूगिलची घरटी. ती सापडली की निम्मं काम झालं.

मला हे कळायला तीन उन्हाळे लागले. न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी एक दणकट रॉड आणि पेटीभर रंगीबेरंगी लूर घेऊन आलो. लूर म्हणजे खोटं आमिष. त्यातली बरीचशी माशांपेक्षा माणसांना भुलवण्यासाठी रंगवलेली असतात, हे मागाहून समजलं. घराजवळच्या दहा-बारा एकरांच्या तळ्याकाठी उभा राहून मी ती सगळा जोर लावून मध्यावर भिरकावत असे. लांब पडलं की बरं वाटायचं. तीन उन्हाळ्यांत दोन बॅस मिळाले, त्यातला एक तर शेपटीत हुक अडकून आलेला.

चौथ्या वर्षी बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. लहानपण कृष्णेकाठी गेलेलं, गळ टाकण्यात मुरलेले. पण त्यांच्याकडे इथलं लायसन्स नव्हतं, त्यामुळे बाकावर हात बांधून बसण्यापलीकडे इलाज नव्हता. अर्धा तास त्यांनी माझी फेकाफेक पाहिली आणि म्हणाले, “आरं, बारकं मासं कुठं हायत ते बघ की आधी. मोठा त्यांच्या मागंच असणार. मरळ काय येगळं करती?” आणि बसल्या जागेवरून त्यांनी गवताच्या कडेला बोट दाखवलं. माझ्या बुटांपासून आठ फुटांवर ब्लूगिलचा घोळका होता, आणि त्याच्याखाली, सावलीत, काठीसारखं काहीतरी निश्चल पडलेलं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं तशी ती काठी निघून गेली.

हा लेख त्या वाक्याचाच विस्तार आहे. अमेरिकेतल्या लहान तळ्यावर नव्याने मासे गरवू पाहणाऱ्या मराठी माणसाने बॅसचा नाद थोडा बाजूला ठेवून आधी ब्लूगिल शिकावा, असं माझं ठाम मत आहे.

या दोन माशांची सांगड योगायोगाने पडलेली नाही. अलाबामातल्या ऑबर्न इथे एच. एस. स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकापासून शेततळ्यांवर प्रयोग केले. लहान तळ्यात कोणते मासे किती सोडले म्हणजे शेतकऱ्याला वर्षानुवर्षं मासे मिळत राहतील, हा त्याचा प्रश्न होता. त्यातून पुढे रूढ झालेली जोडी म्हणजे बॅस आणि ब्लूगिल. ब्लूगिल किडे, अळ्या, पाण्यातले बारीक जीव खातो आणि उन्हाळाभर पुन्हा पुन्हा अंडी घालतो. बॅस त्याची पिल्लं खातो आणि तळ्यात गर्दी होऊ देत नाही. बॅस संपले तर ब्लूगिल बेसुमार वाढतात आणि खुरटतात. ब्लूगिल कमी पडले तर बॅस उपाशी राहतात. गंमत म्हणजे लार्जमाउथ बॅस हा नावापुरताच बॅस आहे. तो सनफिशच्या कुळातला, म्हणजे ब्लूगिलचा चुलतभाऊच. मोठा भाऊ धाकट्याची पोरं खातो, आणि धाकटा संधी मिळेल तेव्हा मोठ्याची अंडी फस्त करतो. भाऊबंदकी म्हणतात ती हीच.

ओळख सोपी आहे. ब्लूगिल तळहाताएवढा, चपटा, गालाखाली निळसर झाक असलेला. कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला काळा ठिपका आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात पुसट काळा डाग. त्याच घोळक्यात कधी कल्ल्याच्या काळ्या ठिपक्याला नारिंगी-लाल कड असलेला मासा सापडेल. तो पंपकिनसीड, न्यू जर्सीचा मूळ रहिवासी. ब्लूगिल आणि लार्जमाउथ हे दोघेही इथे बाहेरून आणून सोडलेले, पण आता इतके रुळलेत की त्यांना कुणी गाव विचारत नाही. बॅस लांबट, हिरवट, कुशीवरून गडद पट्टा गेलेला. तोंड मिटलं असताना वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तेवढं एक पाहिलं तरी पुरे.

कागदपत्रं आधी

न्यू जर्सीत सोळा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला गोड्या पाण्यात मासे पकडायला लायसन्स लागतं. ते राज्याच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत मिळतं. सोळाखालच्या मुलांना नको. सत्तर आणि त्यापुढच्यांनाही नको, पण ही सवलत राज्याच्या रहिवाशांना आहे. भारतातून आलेले आई-बाबा पंच्याहत्तरीचे असले तरी रहिवासी नसतात. त्यांच्यासाठी बाहेरच्यांचं लायसन्स घ्यावं लागतं, आणि थोड्या दिवसांसाठीचंही मिळतं. आम्ही पुढच्या खेपेला ते घेतलं. मुलाच्या नावाखाली बापाने रॉड टाकत बसायचं आणि अधिकारी आला की मुलाच्या हातात द्यायचा, ही युक्ती त्या अधिकाऱ्यांनी आपल्या जन्माआधीपासून पाहिलेली आहे. वर्षातून दोन दिवस राज्य सगळ्यांना लायसन्सशिवाय परवानगी देतं. हा छंद आपल्याला जमतोय का, हे बघायला ते दिवस उत्तम. तारखा दरवर्षी बदलतात.

दुसरा नियम बॅसचा. १५ एप्रिल ते १५ जून या काळात न्यू जर्सीत पकडलेला बॅस तिथल्या तिथे सोडावाच लागतो. हा त्याचा विणीचा काळ. इतर वेळी बारा इंचांहून लहान बॅस ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचांची मर्यादा आहे. ही झाली आमच्या राज्याची गोष्ट. तुम्ही टेक्सासात असा की मिशिगनमध्ये, तिथले आकडे वेगळे असतात आणि मधूनमधून बदलतातही. दर वसंतात नवी नियमपुस्तिका एकदा चाळायची.

तिसरी गोष्ट जागेची. एडिसनचं रूझवेल्ट पार्क, वेस्ट विंडसरजवळचं मर्सर लेक, नॉर्थ ब्रन्सविककडचं फॅरिंग्टन लेक ही सार्वजनिक पाणी आहेत. आपल्या टाउनहाउसच्या मागे जे देखणं, कारंजं असलेलं तळं दिसतं ते मात्र बहुधा पावसाचं पाणी साठवण्यासाठी केलेलं असतं आणि त्याची मालकी सोसायटीकडे असते. पाटी वाचा. पाटी नसेल तर विचारा.

लहान गळ, लहान घास

ब्लूगिलसाठी पाच-साडेपाच फुटी, अल्ट्रालाइट म्हणतात तसा हलका रॉड आणि लहान स्पिनिंग रील घ्या. लाइन ४ किंवा ६ पाउंडांची. सहा-सात वर्षांच्या मुलांना स्पिनिंग रील झेपत नाही, त्यांना बटण दाबून सोडायचं बंद तोंडाचं रील द्यावं. झेबको या कंपनीने ते १९४९मध्ये बाजारात आणलं. तिचं आधीचं नाव झीरो अवर बॉम्ब कंपनी. तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या लोकांनी पोरांच्या हातात इतकं निरुपद्रवी खेळणं दिलं, हे मला फार आवडतं.

हुक म्हणजे आपला गळ, कोकणातली गरी. नवखे लोक हमखास चुकतात ते इथे. ब्लूगिलचं तोंड हरभऱ्याएवढं, आणि दुकानात दिसतात ते हुक मोठ्या माशांचे. ८ किंवा १० नंबरचा, लांब दांड्याचा हुक मागा. हुकांच्या नंबरांचा कारभार उलटा असतो. आकडा वाढत जाईल तसा हुक लहान होतो. १ नंबरनंतर मात्र १/०, २/० असे आकडे लागतात आणि तिथून पुढे ते मोठे होत जातात. दांडा लांब असला की हुक काढताना बोटांना पकड मिळते.

हुकाच्या वर सहा-आठ इंचांवर लाइनला एक बारीक वजन दाबून बसवा. शिशाऐवजी कथलाचं घ्या. न्यूयॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला बंदी आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गोड्या पाण्यात एक औंसाखालची वापरायलाच. कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. न्यू जर्सीत बंदी नसली तरी पक्षी राज्याची हद्द पाहून उतरत नाहीत. वजनाच्या वर तरंगा, इथल्या भाषेत बॉबर. लाल-पांढरा, लिंबाएवढा फुगा मुलांना आवडतो, पण तो पाण्याखाली ओढायला ब्लूगिलला जोर लागतो आणि संशय येऊन तो आमिष सोडतो. बोराएवढा किंवा पेन्सिलीसारखा सडपातळ तरंगा घ्या.

गाठ एकच शिका, पालोमार. लाइन दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून ओवा, त्या दुहेरी लाइनची साधी गाठ सैल मारा, जो फास उरतो त्यातून अख्खा हुक पार करा आणि ओढा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली तर घर्षणाने लाइन तापते आणि तिथेच कमकुवत होते. मासा सुटून गेला आणि लाइनचं टोक वेटोळं होऊन परत आलं, तर दोष माशाच्या ताकदीचा नसतो, गाठच सुटलेली असते.

आमिष गांडुळाचं. दुकानात नाइटक्रॉलर नावाचे लठ्ठ गांडूळ डबीत मिळतात. त्याचा नखाएवढा तुकडाच लावा आणि हुकात पुरता ओवून घ्या. अख्खा लोंबता लावला तर ब्लूगिल टोकं कुरतडून खातात आणि तुम्ही तासभर त्यांना जेवू घालत बसता. गांडुळाला हात लावायला नको असेल तर कणकेचा घट्ट गोळा चालतो. बाबा त्यात कापसाचे दोन-चार तंतू मळायचे, म्हणजे गोळा पाण्यात सुटत नाही. इथल्या ब्लूगिलनी गव्हाची कणीक पहिल्याच दिवशी मान्य केली.

तरंगा हुकापासून दोन फुटांवर ठेवून सुरुवात करा आणि गवताच्या कडेला हलकेच सोडा. दहा मिनिटांत काही झालं नाही तर अर्धा फूट खोल करा. तरीही नाही, तर जागा बदला. लहान तळ्यावर एकाच जागी चिकाटी दाखवण्यात अर्थ नाही. तरंगा थरथरला म्हणजे कुणीतरी चाखतंय, थांबा. तो आडवा सरकू लागला किंवा बुडाला, की मनगट वर उचला. मनगटच, खांदा नव्हे. आमच्या मुलीने पहिला ब्लूगिल इतक्या जोरात खेचला की तो डोक्यावरून मागच्या झाडात गेला, आणि मग अर्धा तास आम्ही झाडावर मासेमारी केली.

घरट्यांवर गळ टाकायचा मोह आवरा, निदान थोडा. खळगा राखत फिरणारा असतो तो नर. मादी अंडी घालून निघून जाते आणि हाच पर हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवत राहतो, चोरट्यांना हाकलतो. त्याला उचललं की शेजारपाजारचे मासे काही मिनिटांत घरटं साफ करतात. शिवाय सगळ्यांत धिप्पाड नर तेच. तेच दरवर्षी उचलले जाऊ लागले, तर उरलेले नर लवकर वयात येतात, त्यांची वाढ खुंटते, आणि काही वर्षांत तळ्यात बोटभर माशांचीच गर्दी उरते. मी वसाहतीच्या आतल्या माशांना हात लावत नाही. कडेला, खोलीकडे उतरणाऱ्या बाजूला टाकतो.

सावलीतली काठी

आता त्या काठीकडे वळू. काठावरचे लोक तळ्याच्या मध्यावर फेकतात आणि बोटीत बसलेले काठाकडे फेकतात. यातले बोटवाले बरोबर असतात. उन्हाळ्यात लहान तळ्याचे दोन थर पडतात, वर कोमट, खाली गार. खालच्या थरातला ऑक्सिजन संपत जातो, त्यामुळे तळाशी मासे टिकत नाहीत. त्यातून ब्लूगिल गवतात, आणि बॅसला लपायला झाड, धक्का, कमळाची पानं हवी. म्हणजे जुलै-ऑगस्टात बरीचशी बॅस मंडळी तुमच्यापासून वीस-तीस फुटांच्या आत असतात. तिथे दणदण पाय आपटत, पाण्यावर सावली पाडत गेलात तर ती निघून जातात. झाडाआड उभं राहा आणि काठाला समांतर टाका.

बॅससाठी रॉड साडेसहा फुटी, मध्यम ताकदीचा, लाइन ८ ते १० पाउंडांची. आमिषांच्या पेटीतलं जवळजवळ सगळं घरी ठेवा आणि पाच इंची रबरी अळ्यांचं एक पाकीट घ्या. ही रबरी अळी ओहायोतल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम याने १९४९मध्ये काढली, आणि आजवर बॅसला तिच्याइतकं भुलवणारी वस्तू मी पाहिलेली नाही. सेंको नावाने मिळणारी, दोन्ही टोकांना निमुळती, काडीसारखी अळी सर्वांत सोपी. १/० किंवा २/० हुक तिच्या बरोब्बर मध्यातून आरपार टोचा. वजन नको, तरंगा नको. रंग हिरवट-तपकिरी.

ही फेकली की रीलची तार हाताने बंद करा. हँडल फिरवून बंद केली तर लाइनची वेटोळी पडतात. मग काहीही करू नका. लोकांना सर्वांत अवघड जातं ते हेच. अळी आडवी, दोन्ही टोकं थरथरवत सावकाश खाली जाते, आणि बहुतेक वेळा बॅस तिला या उतरण्यातच धरतो. नजर लाइनवर ठेवा, हाताला काही कळणार नाही. लाइनला बारीक झटका बसेल, किंवा ती आडवी चालू लागेल, किंवा उतरता उतरता अचानक थांबेल. सैल लाइन गुंडाळून घ्या आणि रॉड एका दमात बाजूला ओढा. वाट बघत बसू नका, नाहीतर तो अळी गिळतो आणि हुक घशात जातो. काहीच झालं नाही तर दहापर्यंत मोजा, रॉडचं टोक फूटभर उचला, पुन्हा उतरू द्या. चार-पाच उचलण्यांनंतर गुंडाळा आणि पुढच्या जागी टाका.

गवत दाट असेल तर हुकाचं टोक अळीच्या अंगातच लपवून ठेवायची टेक्सास पद्धत आहे. तीही शिका, पण दुसऱ्या वर्षी. पहाटे आणि दिवेलागणीला पाण्यावर तरंगणारा पॉपर मात्र पहिल्याच वर्षी एकदा तरी टाकून बघा. टाकल्यावर त्याची वलयं पूर्ण विरू द्यायची, मग एक हलका धक्का, पुन्हा शांतता. बॅस खालून फुटतो तेव्हा छातीत धस्स होतं आणि हात आपोआप मागे जातो. तिथेच मासा निसटतो. पाणी उसळलं की थांबायचं, हाताला वजन जाणवलं की मगच ओढायचं. मला अजूनही दर तीनांत एकदाच जमतं.

ऋतूंचं थोडक्यात. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की बॅस घरटी करतात, सत्तरीच्या आसपास ब्लूगिल. कायदा पकडून सोडायला परवानगी देत असला तरी घरट्यावरच्या बॅसला मी डिवचत नाही. तो मिनिटभर जरी बाहेर राहिला तरी टपून बसलेले ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात. जून सर्वांत उत्तम, भर उन्हाळ्यात फक्त सकाळ-संध्याकाळ. सप्टेंबर-ऑक्टोबरही चांगले, पण तोवर मुलांच्या शाळा आणि आपला गणपती सुरू झालेला असतो.

हातात आल्यावर

माशाला हात लावण्याआधी हात ओला करा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून जपतो, कोरड्या हाताने तो निघून येतो. ब्लूगिलच्या पाठीवर काटे असतात. तळवा डोक्याकडून शेपटीकडे सरकवत नेलात की ते मिटतात, उलट गेलात तर रक्त निघतं. बॅसचा खालचा ओठ अंगठा आत आणि तर्जनी बाहेर असा धरायचा. दात बारीक, कानशीसारखे असतात, अंगठा खरखरीत होतो इतकंच. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसता जबड्यावर आडवा तोलू नका. फोटो काढताना स्वतःही श्वास रोखून धरा. तुम्हाला दम लागला म्हणजे त्यालाही लागला. हुक घशात असेल तर ओढाओढ न करता लाइन जवळून कापून टाका.

घरून निघण्याआधी प्रत्येक हुकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासे थोडे जास्त सुटतात, हे खरं. पण मुलाच्या कानात किंवा तुमच्या बोटात हुक घुसला तर तो आला तसा निघतो. डोळ्याजवळ घुसला तर हात न लावता थेट डॉक्टरकडे. मुलं मागे उभी असताना रॉड फिरवायचा नाही, हा नियम घरातून निघतानाच सांगा.

काठच्या गवतात गोचीड असतात आणि इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा, घरी गेल्यावर मुलांच्या काखा, केस, गुडघ्यामागची जागा तपासा. तीन-तीन पानांच्या वेलीपासून दूर राहा, पॉइझन आयव्ही ती. पोहता न येणाऱ्याला काठावरही लाइफ जॅकेट घाला. लहान तळ्यांचे काठ निसरडे असतात आणि पुढचं पाऊल कधी कधी थेट सहा फूट खोल पाण्यात पडतं. आणि पकडलेले मासे दोरीला लावून पाण्यात सोडलेत, तर अधूनमधून बघत राहा. स्नॅपिंग टर्टल नावाचं कासव अर्धे नेतं.

या तळ्यातला मासा त्या तळ्यात सोडू नका, घरच्या टाकीतलाही नाही. १९६०मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत आले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवावेत या हेतूने त्यांनी ते मायदेशी नेले. तिथून मासे मोकळ्या पाण्यात पसरले आणि बिवा सरोवरातल्या मूळ माशांच्या मुळावर उठले. २००७मध्ये, सम्राट असताना, त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बॅस तिथे आधीच, १९२५मध्ये, पोहोचला होता. आज लार्जमाउथच्या जागतिक विक्रमाचा एक मानकरी याच बिवा सरोवरातला आहे. २००९मध्ये मनाबू कुरिता यांनी पकडलेल्या त्या माशाने जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी यांच्या १९३२मधल्या २२ पाउंड ४ औंसांच्या माशाशी बरोबरी केली. आणि त्याच सरोवराच्या काठी पकडलेला बॅस किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला कायद्याने मनाई आहे. जपानपर्यंत कशाला जायचं? आफ्रिकेतला तिलापिया १९५२मध्ये भारतात आला आणि आज उजनीकाठी कुणालाही विचारा, चिलापीशिवाय जाळं निघत नाही.

हेच गांडुळांचं. उरलेली डबी झाडाखाली रिकामी करणं म्हणजे भूतदया, असं आपल्याला वाटतं. पण हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांत गांडुळं नव्हतीच. युरोपातून आलेली ही गांडुळं तिथला पाचोळ्याचा थर खाऊन टाकतात आणि त्या थरावर जगणारी रोपटी मरतात. उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यात टाका, आणि तुटलेली लाइनही. लाइन पक्ष्यांच्या पायांना गुंडाळते.

माझ्या आईचा प्रश्न वेगळाच होता. “सोडूनच द्यायचा तर त्या मुक्या जिवाच्या तोंडात गळ कशाला घालायचा?” याचं चोख उत्तर मला अजून सापडलेलं नाही, म्हणून आमच्या घरी एक तह झाला आहे. बॅस सोडायचे. ते तळ्यात कमी असतात, आणि मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो. बॅस किती खावा याबद्दल न्यू जर्सीने सूचना दिलेल्या आहेत, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्या जास्त कडक आहेत. ब्लूगिलमध्ये पाऱ्याचा धोका कमी असतो. तरी आपल्या तळ्याबद्दलची सूचना बघून घ्या. ती अनुकूल असेल तर सात-आठ इंचांचे मोजके ब्लूगिल घरी न्यायचे. सगळ्यांत मोठा परत, सगळ्यांत लहानही परत.

पकडल्या पकडल्या बर्फात ठेवा. घरी सुरीच्या बोथट बाजूने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढा, आणि ते सिंकमध्ये नको, अंगणात, नाहीतर आठवडाभर ते टाइलवर चमकत राहतात. डोकं आणि पोट काढून स्वच्छ धुवा, दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्या. मीठ, हळद, आलं-लसूण, लाल तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. रवा आणि तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात घोळवा आणि बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर परता. मांस गोडसर, घट्ट, पापलेटच्या जवळ जाणारं नाही, पण फ्रोझन सुरमईपेक्षा खूप वरचं. शेपटी कुरकुरीत झाली तर तीही खाता येते.

काटे बरेच असतात. पहिल्या दिवशी आईने नाक मुरडलं, मग नातीच्या ताटातला मासा आपल्याकडे ओढून घेतला, काटे वेचून एका कडेला ठेवले, मांस दुसऱ्या कडेला, आणि विचारलं, “उद्या किती वाजता जायचंय?”